खारीची शिंक आणि सासूबाईंची नागीण

पत्र असं आहे:

"डॉक्टर, आम्ही लालबागला पागडीच्या इमारतीत राहतो. जानेवारीत मासळी बाजाराच्या मागून मांजरीचं एक पिल्लू आणलं. रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नाव खारी. आली तेव्हाच शिंकत होती, उजवा डोळा चिकटायचा. औषधाने बरी झाली. यंदा विसर्जन झालं आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, हर्पीस आहे, जन्मभर राहणार. त्यातच गेल्या आठवड्यात सासूबाईंना कमरेला नागीण उठली. तोही हर्पीसच म्हणे. मुलगी बाळंतपणाला आलीय, बाळ दोन महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात मांजरीमुळेच झालं, मिस्टर म्हणतात जिथून आणली तिथे सोडून ये. मांजरीचं माणसाला लागतं का? बरं होऊन परत परत का येतं? सासूबाईंच्या गोळ्यांतली पाव गोळी खारीला चालेल का? धाकटा नववीत आहे, तो विचारतोय की हा विषाणू वाढतो कसा आणि हत्तीलाही हर्पीस होतो हे खरं का?"

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलतोय. गोळीचं तुम्ही जाता जाता विचारलंय, पण ते वाचून मला घाम फुटला. सासूबाईंच्या पट्टीतली पाव गोळी राहू दे, तिचा चुरासुद्धा खारीच्या पोटात जाता कामा नये. दिली असेल तर हे वाचत बसू नका. पट्टी बरोबर घ्या आणि तिला आत्ता दवाखान्यात न्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला चालत जाण्यासारखं आहे. दिली नसेल तर पट्टी कपाटात, कडी लावून. कारण पुढे येईलच.

दुसरी निकड बाळाची. घरात सगळ्यांचे डोळे मांजरीवर लागलेत, आणि तिकडे पणजीबाई पणतवाला मांडीवर घेऊन बसल्या असतील. बाळाला जपायचं ते त्या मांडीपासून. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो आणि पन्नास-साठ वर्षांनी, अंगातली ताकद जरा कमी झाली की एखाद्या तंतूवरून खाली कातडीपर्यंत येतो. त्या फोडांच्या पाण्यात जिवंत विषाणू असतो. ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, अशा कुणाला ते पाणी लागलं तर त्याला कांजिण्या होतात. दोन महिन्यांच्या बाळाला ते नको.

आज संध्याकाळपर्यंत करायचं ते एवढंच. मुलीला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, हे तुम्हालाच आठवायचंय. आल्या असतील तर तिची प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे गेलेली असतात, आणि पहिले काही महिने ती बरीच राखण करतात. आल्या नसतील आणि लसही घेतली नसेल, तर बाळाच्या डॉक्टरांना फोन करा, उद्यावर टाकू नका. सासूबाईंचे फोड सुती कापडाने झाकलेले असू द्या. टॉवेल वेगळा, हात साबणाने धुतलेले, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मांडी बंद. साधारण सात ते दहा दिवसांत खपल्या धरतात, म्हणजे तुमचे थोडेच दिवस उरलेत. सासूबाईंना वाईट वाटेल. माझं नाव सांगा.

त्यांना अजून एक सांगा, म्हणजे त्या रात्री झोपतील. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस जातो, हे आमच्या घरीही ऐकलंय. माझी आत्या नागीण उठली तेव्हा रोज आरशासमोर उभी राहून किती बोटं उरली ते मोजायची. विषाणू एका मज्जातंतूवरून येतो, आणि तो तंतू पाठीच्या कण्यापासून निघून अंगाच्या एकाच बाजूला, पोटाच्या मधल्या रेषेपर्यंत जातो. रूळ संपला की गाडी थांबते. म्हणून नागीण अर्ध्या पट्ट्यावरच राहते. नाव मात्र कुणीतरी नेमकं ठेवलंय. हर्पीस हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आलाय, आणि तो धातू आपल्या सर्प शब्दाचा सख्खा भाऊ. तिकडच्या वैद्याला आणि इकडच्या आजीला कातडीवर एकच जनावर दिसलं.

आता खारी. तिच्या विषाणूचं नाव फेलाइन हर्पीस व्हायरस एक. तो मांजराचा. सासूबाईंचा माणसाचा. तिचा त्यांना लागलेला नाही, त्यांचा तिला लागणार नाही, शेजारच्या कुत्र्यालाही नाही. हर्पीसचं घराणं फार मोठं आहे, शंभराहून जास्त विषाणू त्यात मोजलेत. माणसाच्या वाट्याला त्यातले नऊ आलेत आणि जवळजवळ प्रत्येक जनावराला आपापला एकतरी आहे. लाखो वर्षं एकाच यजमानाबरोबर काढल्यामुळे प्रत्येकाची किल्ली त्याच्याच कुलपाला नीट बसते. आपल्या घरात तो सहसा जीव घेत नाही. भाडेकरूसारखा राहतो, अधूनमधून कुरबुर करतो.

अपवाद आहेत, आणि ते भयंकर आहेत. चुकून परक्या घरात शिरलेला हर्पीस विषाणू घर जाळून निघतो. मकाक जातीच्या माकडांत एक हर्पीस असतो. माकडाला त्याने फार तर तोंड येतं. १९३२ साली न्यूयॉर्कला पोलिओवर संशोधन करणाऱ्या विल्यम ब्रेबनर या तरुण डॉक्टरला अशा माकडाने हाताला चावा घेतला, विषाणू मेंदूपर्यंत चढला आणि तो दगावला. त्याच्या नावावरूनच त्या विषाणूला बी व्हायरस म्हणतात. अशी प्रकरणं फार थोडी घडतात, पण रविवारी कान्हेरीला जाऊन माकडाला हाताने शेंगदाणे भरवणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. चावलंच तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायचं आणि तडक दवाखाना, रेबीजसाठीही आणि यासाठीही. दुसरं उदाहरण गोठ्यातलं. मेंढीच्या अंगात आयुष्यभर निमूट राहणारा एक हर्पीस गायी-म्हशीत गेला की तिला ताप, नाका-डोळ्यांतून घाण, आणि बहुधा मरण. डुकरांचा हर्पीस मांजराने कच्च्या मांसातून खाल्ला तर मांजर दोन-तीन दिवसांत जातं. खारीला कच्चं डुकराचं मांस तुम्ही देत नसालच.

धाकट्या, आता तुझा प्रश्न. तू लालबागचा, तुझ्या घरातल्या नाहीतर शेजारच्या कुणीतरी गिरणीत पाळ्या केलेल्या असणार, म्हणून गिरणीच्याच भाषेत सांगतो.

विषाणूकडे स्वतःचं यंत्र नसतं. खारीच्या विषाणूकडे आहे तो डीएनएचा एक धागा, सुमारे १ लाख ३५ हजार अक्षर-जोड्यांचा. वीस बाजूंच्या, १६२ तुकड्यांनी बांधलेल्या पेटीत तो गच्च गुंडाळलेला असतो. पेटीभोवती प्रथिनांचा गर, त्यावर मेदाचं पातळ पांघरूण आणि पांघरुणातून बाहेर आलेली काटेरी प्रथिनं. या त्याच्या किल्ल्या. नाकातल्या पेशीवर तो चिकटतो, किल्ली फिरते, पांघरूण पेशीच्या पडद्यात मिसळून जातं आणि पेटी आत पडते. पेशीत बारीक नळ्यांचे रूळ असतात, त्यांवरून पेटी ओढली जाते ती थेट केंद्रकाच्या दारापर्यंत. दाराला भोक आहे, पण पेटीपेक्षा लहान. पेटी बाहेरच थांबते आणि फक्त धागा आत सोडते. आत गेल्यावर धाग्याची टोकं जुळून त्याचं कडं होतं.

मग तीन पाळ्या लागतात. पहिल्या पाळीला येतात जॉबर, म्हणजे कामगार भरणारे मुकादम. ही थोडीशीच प्रथिनं, पण तीच ठरवतात की आता कुणाला कामावर घ्यायचं आणि पेशीच्या स्वतःच्या कामगारांना कसं बसवून ठेवायचं. दुसऱ्या पाळीला यंत्रं बसतात. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम येतं, त्याला कच्चा माल पुरवणारं थायमिडीन कायनेज येतं. हे दुसरं नाव लक्षात ठेव, आजीच्या गोळीत परत येणार आहे. नकला सुट्या निघत नाहीत. एकाला एक जोडलेला, न कापलेल्या ताग्यासारखा लांबच लांब पट्टा निघत जातो. रातपाळीला पेट्यांचे भाग, गर आणि किल्ल्या तयार होतात. रिकाम्या पेट्या केंद्रकातच जुळवतात आणि तागा एकेका पेटीत भरून मापावर कापला जातो. पेटी भरली, कापा. पुढची घ्या.

बाहेर पडण्याची तऱ्हा तर मला शिकताना खरीच वाटली नव्हती. केंद्रकाच्या दारातून धागा आत जातो, पण भरलेली पेटी त्यातून बाहेर मावत नाही. म्हणून ती आतल्या पडद्याचा तुकडा अंगावर ओढून निघते, बाहेरच्या पडद्याशी तो टाकून देते आणि उघडीच पेशीद्रवात उतरते. तिथे गर लपेटून घेते. शेवटी गॉल्जी नावाचं पेशीचं पॅकिंग खातं आहे, तिथे किल्ल्या लावलेलं नवं पांघरूण घेते आणि मग पेशीबाहेर. एक सदरा घालून निघायचं, उंबऱ्यात काढायचा, पुढच्या खोलीत दुसरा चढवायचा. हा सगळा खेळ साधारण एका दिवसात उरकतो आणि पेशी मरते. अशा हजारो पेशी मेल्या की नाकाची आतली त्वचा सोलवटते, डोळा लाल होतो आणि तुझी खारी शिंकते. त्या शिंकेत तयार माल असतो, दुसऱ्या मांजरासाठी.

आता तुमचा खरा प्रश्न, ताई, परत परत का.

तुम्ही पागडीत राहता, जिथे जुना भाडेकरू सहसा हलवता येत नाही, म्हणून हे तुम्हाला लगेच कळेल. नाकात आणि डोळ्यांत गिरणी चालू असताना काही विषाणू तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरतात आणि तंतूच्या आतून उलटे वर चढत कवटीच्या तळाशी एका गाठीत पोचतात. ट्रायजेमिनल गँग्लियन तिचं नाव. चेहऱ्याच्या सगळ्या संवेदना तिथून जातात. त्या गाठीत पोचल्यावर मात्र पाळ्या सुरू होत नाहीत. धाग्याचं कडं केंद्रकात नुसतं पडून राहतं. प्रथिनं नाहीत, पेट्या नाहीत, म्हणून अंगातल्या पहारेकऱ्यांना दाखवायला काही पुरावाही नाही. सगळा कारभार बंद असताना त्या कड्यावरचा एकच छोटा भाग वाचला जात राहतो. मी त्याला भाडेपावती म्हणतो. तेवढी पावती फाटत राहते आणि भाडेकरू हलत नाही. औषध चालतं ते नक्कल करणाऱ्या यंत्रावर. इथे यंत्रच बंद, तर औषध मारणार काय? लागण झालेल्या दहा मांजरांतल्या सुमारे आठांत तो असा कायमचा बसतो. म्हणून तुमचे डॉक्टर जन्मभर म्हणाले ते बरोबर. ते ऐकून तुम्ही मात्र "जन्मभर आजारी" असं समजलात. तसं नाही. बऱ्याच मांजरांना पहिल्या वर्षा-दोन वर्षांनंतर त्रास क्वचितच होतो.

तो जागा होतो ताणाने. तुमच्याच पत्रात उत्तर आहे, विसर्जनानंतर आठ दिवसांनी. गणपतीचे दहा दिवस लालबागमध्ये खिडकीखाली रांगा, चोवीस तास लाऊडस्पीकर, ढोल-ताशे, घरात गावाकडची माणसं, आणि खारी कपाटामागे. ताणाचा संप्रेरक वाढतो, पहारा ढिला पडतो, गाठीतला धागा पुन्हा पहिली पाळी लावतो आणि तयार विषाणू तंतूवरून खाली नाका-डोळ्यांत उतरतो. या प्रवासाला साधारण आठवडा लागतो. म्हणून लोकांना जोड लागत नाही. ताण होता तेव्हा मांजर ठणठणीत असतं आणि सगळं शांत झाल्यावर शिंकायला लागतं. त्यापुढे एक-दोन आठवडे ती विषाणू बाहेर टाकते. खारीला तो मिळालाही बहुधा असाच. व्यायल्यानंतर पिल्लांना पाजण्याच्या ताणाने मांजरीचा जुना विषाणू जागा होतो, आणि आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागते तेव्हाच पिल्लांना नेमका गाठतो.

आता गोळी. सासूबाईंची आणि मांजरीची दोन्ही दुखणी हर्पीसच, मग औषध एकच का नाही? अ‍ॅसायक्लोव्हिर हे अतिशय हुशार औषध आहे. ते शोधणाऱ्या कामात असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते म्हणजे खोटा धागा. पण तो तसाच यंत्रात बसत नाही, आधी त्यावर ठप्पा लागतो, आणि तो ठप्पा विषाणूचं स्वतःचं थायमिडीन कायनेजच मारतं. धाकट्याला सांगितलं होतं ना, परत येणार म्हणून. माणसाच्या हर्पीसचं हे यंत्र ठप्पा झटपट मारतं, मग खोटा धागा नकलेत विणला जातो आणि नक्कल तिथेच तुटते. निरोगी पेशीत ठप्पाच लागत नाही, म्हणून तिला इजा नाही. मांजराच्या विषाणूचं कायनेज इथे अगदीच आळशी. त्यामुळे औषध विषाणूला फारसं लागत नाही, आणि लागावं म्हणून मात्रा वाढवली की मांजराच्या अस्थिमज्जेवर घाला येतो. याच औषधाचा मोठा भाऊ व्हॅलासायक्लोव्हिर, नागिणीला हल्ली तोही देतात. प्रयोगात मांजरांना दिला तेव्हा त्यांचं यकृत, मूत्रपिंडं आणि अस्थिमज्जा गेली. आणि हो, दुखण्यासाठी सासूबाईंना पॅरासिटामॉल असेल, तेही मांजराला विष आहे. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

मांजरांना चालतं ते फॅमसायक्लोव्हिर. माणसांच्याच औषधाच्या दुकानात मिळतं, पण मात्रा आणि दिवस पशुवैद्यांनी वजन करून ठरवायचे. प्रत्येक वेळी ते लागतंही नाही. नुसत्या शिंका असतील, मांजर जेवत असेल, तर दहा-बारा दिवसांत आपसूक ओसरतं. नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड यायला लागला तर वरून जिवाणू बसलेत, मग अँटिबायोटिक. लायसीनच्या पुड्या कुणीतरी सुचवतील. पैसे वाचवा. वर्षानुवर्षं सगळ्यांनी दिलं, मीही दिलं, पण नीट तपासल्यावर फायदा दिसला नाही, उलट काही ठिकाणी आजार वाढलेला दिसला.

डोळ्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. तुम्ही डोळ्यात कोणते थेंब घालताय ते लिहिलेलं नाही. बाटली उजेडात धरून नावं वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यांतलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, ताबडतोब बंद. नाक्यावरच्या केमिस्टकडे "डोळा लाल झालाय" म्हटलं की असे थेंब सहज हातात पडतात. लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खूश, आणि आत विषाणूला मोकळं रान मिळतं. ही चूक मी स्वतः केलीय. परळच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. एका आजोबांनी पांढरी मांजर आणली, डोळा लाल. हिरव्या रंगाची तपासणी न करताच मी असे थेंब लिहून दिले. पाचव्या दिवशी आजोबा परत आले, बुबुळ दुधाळ झालं होतं. त्या दिवशी तपासणी केली तेव्हा दिसलं. फ्लोरेसीनचा थेंब घालून निळ्या उजेडात बघितलं की हर्पीसची जखम वाळक्या फांदीसारखी, फाटे फुटलेली, हिरवीगार चमकते. तशी दुसरी जखम मी पाहिलेली नाही. डोळा वाचला, पण डाग राहिला. आजोबा मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हा खारीने डोळा बारीक केला, उजेडाला मिटला, बुबुळावर निळसर-पांढरं धुकं दिसलं, तर त्याच दिवशी दाखवा आणि "रंग घालून बघता का" असं स्वतः विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

घरी करायचं साधंच आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेर पुसायचं, दर वेळी नवा कापूस. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते जेवत नाही, समोर सुरमई ठेवली तरी. म्हणून जेवण कोमट करा. बोंबील उकडून, काटे काढून, त्याचं पाणी वर ओतून द्या, मीठ-हळद नको. तुमच्या आंघोळीच्या वेळी बाथरूमचं दार लावून तिला दहा मिनिटं वाफेत बसू द्या. गरम बादली तिच्या आवाक्यात नको. एक दिवस पूर्ण उपाशी राहिली तर वाट बघू नका, मांजराचं यकृत उपास सहन करत नाही. तोंडाने श्वास घेत असेल तर तासाचाही उशीर नको.

इमारतीतल्या दुसऱ्या मांजरांना तिचा आजार लागू शकतो. शिंकेचे थेंब मीटर-दीड मीटर जातात, बाकी तो भांड्यांतून आणि आपल्या हातांतून फिरतो. दमट जागेतही हा विषाणू दिवसभर टिकत नाही, कोरड्यात त्याहून कमी. त्याचं पांघरूण मेदाचं आहे ना, भांडी घासायच्या साबणानेसुद्धा ते विरघळतं. फिनेलने मात्र फरशी पुसू नका. मांजर पाय चाटतं.

हत्तीचं खरं आहे. आशियाई हत्तींच्या पिल्लांना हर्पीसने रक्तस्राव होऊन मरण येतं, तेही एक-दोन दिवसांत. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात १९९५ साली कुमारी नावाचं पिल्लू गेलं आणि त्यानंतर हा विषाणू ओळखला गेला. २०१९ मध्ये ओडिशातल्या नंदनकाननात चार हत्ती असेच गेले. मोठ्या हत्तींच्या अंगात तो निवांत असतो, हे पुन्हा भाडेकरूचंच. कुत्र्यांचा हर्पीस मोठ्या कुत्र्याला जाणवतही नाही, पण तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना मारतो, कारण त्याला थोडं गार अंग आवडतं आणि एवढ्या लहान पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पिल्लांना उबेत ठेवणं हा तिथे निम्मा उपचार. कोंबड्यांचा मारेक्स हाही हर्पीस. तो मज्जातंतूंत शिरून पाय लुळे करतो आणि अंगात गाठी करतो. त्याची लस टर्की पक्ष्याच्या निरुपद्रवी हर्पीसपासून १९७० च्या सुमारास आली, आणि कर्करोग टाळणारी मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली ती पहिली लस. आपण माणसं कॅन्सरच्या लशीबद्दल बोलत असताना ब्रॉयलरची पिल्लं कधीच टोचून घेऊन मोकळी झाली होती. ती लस लागण थांबवत नाही, गाठी थांबवते.

खारीची ट्रायकॅट, म्हणजे हर्पीससह तीन आजारांवरची लसही तशीच. भाडेकरूला ती हाकलू शकत नाही, त्याचा आवाज कमी ठेवते. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांनी परत, असं सोळा आठवड्यांपर्यंत देतात. तुमच्या पत्रात लशीचा उल्लेखच नाही, म्हणजे राहिली असणार. शिंका थांबल्या की दोन-तीन आठवड्यांनी घ्या. रेबीजची त्याच भेटीत, कारण मांजरीकडून माणसाला खरंच येऊ शकतात ते रेबीज, गजकर्ण असे आजार. नसबंदीही करून टाका. माज आणि बाळंतपण हे तिचे गणपतीच आहेत.

मिस्टरांना म्हणावं, पाळलेलं जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि बाजारात सोडली की ताणाने ती आठवड्याभरात विषाणू सोडायला लागेल, तोही तिथल्या पिल्लांच्या गराड्यात. मिस्टरांचा राग मांजरीवर नसून बाळाच्या काळजीपोटी आहे हे मला कळतं. त्यांना या पत्राचा वरचा पणजीचा भाग वाचायला द्या.

दिवाळी तोंडावर आलीय. फटाके सुरू व्हायच्या आधीच आतल्या खोलीतल्या कपाटाच्या वर एक खोका ठेवा, त्यात तुमची जुनी, न धुतलेली साडी. जेवण-पाणी, मातीचा ट्रे त्याच खोलीत, खिडकी बंद, पंखा चालू. ती वर बसली तर खाली ओढू नका. पाहुण्यांच्या पोरांना दाखवायलासुद्धा नाही. किराणा मोजायच्या काट्यावर दर रविवारी तिचं वजन करून कॅलेंडरवर लिहा. आणि लक्ष्मीपूजनानंतरचा आठवडा उलटला की तिच्या उजव्या डोळ्याकडे रोज सकाळी, दिवा लावून, एकदा बघा.